खोप: दरवर्षी नव्यानं बांधायचं जुनं घर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'काय की' येतं ते थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा विषय माझ्या घरचाच आहे. मी मूळचा कसबा बावड्याचा. बी.टेक. करून आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण पंचगंगेकाठी आमची थोडी मळी आहे. मळी म्हणजे नदीच्या गाळाची जमीन. तिथं आमच्या आज्ज्यानं घातलेली एक खोप होती. उसाच्या पाल्याचं छप्पर, कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन. लहानपणी मला वाटायचं की ही खोप फार जुनी असणार, आज्ज्याइतकी तरी. एकदा विचारलं, "आज्जा, ही खोप कितव्या सालची?" आज्जा हसला. म्हणाला, "कुठली इचारतोस? मेढी माझ्या बाच्या हातच्या हायत. वासं पुराच्या साली बदलल्यात. पाला औंदाचा हाय. आता तूच सांग, कितव्या सालची!"

या उत्तरात खोपीचं सगळं बांधकामशास्त्र आणि निम्मा इतिहास आहे, हे मला कळायला वीस वर्षं लागली. कसं ते सांगतो.

आधी सांगाडा

खोप समजून घ्यायची तर खालून वर जायचं.

सगळ्यात आधी मेढी. मेढ म्हणजे ज्याच्या टोकाला नैसर्गिक बेचकं आहे असा खांब. आमच्याकडं बाभळीची मेढ, पश्चिमेला राधानगरी-शाहूवाडीकडं जंगलातलं लाकूड. बेचकं मुद्दाम शोधायचं, कारण त्यात आडवं लाकूड नुसतं ठेवलं तरी बसतं. खिळा लागत नाही, सांधा कापावा लागत नाही. मेढ दीड-दोन हात जमिनीत पुरायची आणि पुरायच्या आधी तिचं खालचं टोक जाळावर भाजून काळं करायचं. कोळसा झालेल्या थराला वाळवी सहजासहजी तोंड लावत नाही.

मधल्या उंच मेढींवर जे लांब लाकूड आडवं बसतं ते आढं. आढ्यापासून दोन्ही बाजूंना खाली उतरतात ते वासे. वासे बहुतेक चिव्याचे किंवा कळकाचे, म्हणजे बांबूचेच. वाशांवर आडव्या बांधतात त्या कांब्या, म्हणजे बांबूच्या चिरफळ्या. आणि छप्पर भिंतीच्या बाहेर जिथं झुकतं, जिथून पाणी गळतं, ती वळचण.

हे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील, कारण घरावर स्लॅब आला तरी ते म्हणींत राहिलेत. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' घ्या. स्लॅबच्या घरात वासे मोजायचे कुठले? पण खोपीत जेवून उताणं पडलं की डोळ्यांसमोर पहिले वासेच येतात. आणि 'वळचणीचं पाणी आढ्याला' म्हणजे अशक्य गोष्ट. छपराचा उतार डोळ्यांसमोर असलेल्या माणसांनीच ही म्हण केली असणार.

भिंत म्हणजे कूड. कारवी, तुराट्या, बांबूच्या कामट्या, जे मिळेल ते उभं रोवायचं, आडव्या पट्ट्यांनी आवळायचं आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा गिलावा करायचा. मातीत भाताचा कोंडा किंवा बारीक केलेलं पिंजर मिसळतात. ते नसेल तर माती वाळताना तडकते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळी जे काम करते, त्याच जातीचं काम हे पिंजर इथं करतं. छपराचा भार कुडावर नसतो, तो मेढींवर असतो. त्यामुळं कूड कुजला तर तेवढाच काढून नवा घालता येतो, छपराला हात लावावा लागत नाही.

आणि दार? कुडासारखंच विणलेलं, उचलून बाजूला करायचं दार म्हणजे ताटी. मुक्ताबाईंचे 'ताटीचे अभंग' आपण शाळेत ऐकलेले असतात. रुसून आत बसलेल्या ज्ञानदेवांना बहिणीनं जे दार उघडायला सांगितलं, ते दार म्हणजे ही ताटी. शब्द सातशे वर्षं जुना आहे आणि मळ्यात तो अजून चालतो.

पाला पाणी कसं अडवतो?

मला सगळ्यात मोठं कोडं होतं ते हे. पाल्याला तर भोकंच भोकं. मूठभर पाला नळाखाली धरा, पाणी आरपार जातं. मग कोल्हापूरचा पाऊस याच पाल्याखाली लोकांनी काढला कसा?

आज्जा म्हणायचा, "पाला पाणी आडवत न्हाई. वाट दावतोय." आणि हे अगदी शब्दशः खरं आहे.

पत्रा पाण्याला अभेद्य आहे म्हणून गळत नाही. पाल्याचं तसं नाही. पावसाचा थेंब वरच्या पानावर पडतो आणि पानाच्या लांबीनं खाली घसरतो. घसरता घसरता थोडा आत झिरपतो, दुसऱ्या पानावर येतो, ते पानही उताराकडं तोंड करून असतं, म्हणून परत बाहेरच्या दिशेला जातो. आत शिरायची त्याची ओढ आणि खाली जायची ओढ, या शर्यतीत खाली जाणं जिंकलं पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पुरेसा जाड थर आणि पुरेसा उभा उतार. गवती छपराला साधारण ४५ अंशांचा उतार लागतो, मग ते छप्पर कोकणातलं असो की इंग्लंडातलं. म्हणजे खोप बारा फूट रुंद असेल, तर आढं वाशांच्या खालच्या टोकापेक्षा सहा फूट तरी उंच पाहिजे. एवढं जमलं तर धो धो पावसातही वरचा एखाददुसरा इंचच भिजतो. खालचा पाला कोरडा ठणठणीत.

म्हणून शाकारणी, म्हणजे छपरावर गवत-पाला घालण्याचं काम, वळचणीपासून सुरू होतं आणि आढ्याला संपतं. पाल्याच्या पेंड्या बांधायच्या, देठ वर, शेंडा खाली. पहिली ओळ वळचणीला. दुसरी ओळ पहिलीच्या निम्म्यावर चढलेली. अशा ओळी वर वर नेत जायच्या. बांधायला घायपाताच्या वाखाची दोरी किंवा ओला वेल. सगळ्यात नाजूक जागा आढ्याची, कारण तिथं दोन्ही उतार भेटतात आणि पाण्याला घसरायला उतारच नसतो. तिथं जाड पेंड्या घोड्यावर खोगीर टाकावं तशा दोन्हीकडं वाकवून बसवतात आणि वरून बांबूच्या जोड्यांनी दाबतात.

आता उन्हाचं. पाल्याच्या थरात पानापानांमध्ये हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढं जाऊ देते. पत्रा पातळ आणि लोखंडाचा, तो गवताच्या शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतो. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये पाच मिनिटं बसा आणि मग खोपीत येऊन बसा. माझ्या बीटेकच्या दोन सेमिस्टरचा हीट ट्रान्स्फर तिथं एका दुपारात समजतो.

अजून एक गंमत. खोपीला धुराडं नसतं. चुलीचा धूर पाल्यातूनच वाट काढत बाहेर जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घर पेटलंय! पण त्या धुरानं पाला आतून वाळत राहतो आणि किडे, वाळवी दूर राहतात. चूल बंद झालेली खोप लवकर कुजते, हे जुनी माणसं सांगतात. त्याची किंमतही होती, ती विसरून चालणार नाही. तोच धूर बायकांच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा. आणि चुलीची एक ठिणगी वर गेली की पाच मिनिटांत सगळं संपायचं.

साडेतीन हजार वर्षांची जुनी गोष्ट

आता इतिहास. अडचण अशी की पाल्याचं घर मागं काहीच ठेवत नाही. दगडाचं देऊळ हजार वर्षांनी उभं असतं. आमच्या कोल्हापुरातच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातल्या विटांच्या घरांचे अवशेष निघाले. वीट राहते. पाला माती होऊन जातो.

पण एक गोष्ट राहते. मेढ पुरलेला खड्डा! लाकूड कुजून गेलं तरी त्या खड्ड्यात भरलेली माती आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाची दिसते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथं निघालं. शंभराहून जास्त घरं ओळखता आली, ती अशाच खड्ड्यांवरून आणि सारवलेल्या जमिनींवरून. सुरुवातीची घरं चौकोनी आणि ऐसपैस: कुडाच्या भिंती, मातीचा लेप, वर गवताचं छप्पर. शेवटच्या काळात मात्र लहान गोल झोपड्या दिसतात. हवामान कोरडं झालं, शेती ढासळली आणि माणसं हलकी, पटकन उभारता येणारी घरं बांधायला लागली, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे छपराच्या आकारावरून गावाची परिस्थिती वाचता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

दुसरा पुरावा दगडात आहे. लोणावळ्याजवळ कार्ले आणि भाजे इथल्या लेण्यांत जा आणि चैत्यगृहात वर बघा. छत गोलाकार वाकलेलं आणि त्याला फासळ्यांसारखे वासे. दगडात कोरलेल्या गुहेला वाशांची काय गरज? काहीच नाही. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सभागृह म्हणजे लाकूड-बांबू वाकवून वर गवत घातलेली इमारत, म्हणून त्यांनी दगडातही तीच आणली. कार्ल्याला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही आहेत. मूळ छपरं गेली, त्यांचं चित्र दोन हजार वर्षं टिकलं.

नंतरच्या काळात छप्पर हे गरिबाचं आणि रानातलं घर झालं. वाडा मातीचा-दगडाचा, त्यावर खापरी कौलं, मळ्यात खोप. पण गरज पडली की सगळेच खोपीत यायचे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनभर पसरला. उंदीर पडायला लागले की गावंच्या गावं घरं बंद करून रानात झोपड्या घालून राहायची. वाड्यातले आणि वाड्याबाहेरचे, सगळे पाल्याखाली.

आमच्या भागातली खोप उसाच्या पाल्याची का? कारण गूळ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, ती गुळाची मोठी पेठ झाली. पुढं राधानगरी धरण, नदीवरचे बंधारे, मग साखर कारखाने. ऊस वाढत गेला तसा पालाही ढिगानं मिळायला लागला. गवत कापायला डोंगरात जायचं कारणच उरलं नाही. आमच्याकडं गुऱ्हाळघरंसुद्धा पाल्यानं शाकारलेली असायची. पाला गवतापेक्षा कमी टिकतो, आमच्या मळीत दोन पावसाळ्यांत त्याचं काम संपायचं. पण फुकट होता आणि दारात होता.

दुसरीकडं कौल स्वस्त होत होतं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला यंत्रावर कौलं काढायला सुरुवात केली, तीच आपली 'मंगळुरी कौलं'. १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि जड माल आणणं सोपं झालं. नंतर पत्रा आला आणि शेवटी स्लॅब.

खोप गेली कशी

पत्रा आला म्हणून खोप गेली, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या मळीत तसं झालं नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. हे आकडे बावड्यातल्या लहान पोरालाही पाठ असतात. मळी त्याच्या आधीच पाण्यात जाते. खोप त्या हिशेबानंच घातलेली. पूर येणार, पाला आणि कूड नेणार, मेढी आणि आढं बहुतेक राहणार. पाणी उतरलं, वाफसा आला, दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की नवा पाला घालायचा. १९८९ ला घातली, २००५ च्या पुरानंतर घातली. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मेढीसुद्धा कलल्या. त्या सरळ करून परत घातली. २०२१ ला पाणी परत ५५ च्या वर गेलं. तेव्हा मात्र घातली नाही.

का? कारण त्या पावसाळ्याआधी आज्जा गेला होता. आणि त्याच्याबरोबर पैरा गेला.

पैरा म्हणजे फेडाफेडीचं काम. आज तुमच्या खोपीला मी येतो, उद्या माझ्या खोपीला तुम्ही. पैसे नाहीत, दुपारची भाकरी तेवढी. शाकारणी एकट्याचं काम नाही. एक जण पेंड्या बांधणार, एक जण वर फेकणार, दोघं वर बसून आवळणार, आणि एक म्हातारा खाली उभा राहून "हितं पातळ झालंय" म्हणून ओरडणार. गल्लीतल्या चार घरांनी खोपी सोडल्या की पाचव्याला फेडणारं कोणी उरत नाही. मजूर लावून केलं तर दोन वर्षांत कुजणाऱ्या छपराचा हिशेब पत्र्यापुढं टिकत नाही. खोप स्वस्त होती, कारण माणसांचा वेळ एकमेकांत फिरत होता.

दुसरं म्हणजे पालाच संपत चाललाय. यंत्रानं ऊस तोडला की कांडीचे तुकडे होतात आणि पाल्याचा चुरा. पेंडी बांधता येईल असं लांब पान राहतच नाही. काही जण पाचट पेटवतात, शहाणे शेतकरी ते रानातच कुजवतात. रानासाठी ते चांगलंच आहे. खोपीला मात्र काही उरत नाही.

तिसरं, कागदावर हे घर 'कच्चं' असतं. १९८५ ची इंदिरा आवास असो की २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना, उद्देश कच्च्या घरातून पक्क्या घरात नेण्याचा. यात चूक काही नाही. ज्याला पूर आणि आग माहीत आहे, तो पक्कंच घर मागणार.

आणि इथं मला इनामगावच्या त्या गोल झोपड्या आठवतात. आजही थंडीत बावड्याच्या आसपास मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या खोपी दिसतात. बीडसारख्या दुष्काळी भागातून आलेली कुटुंबं. बांबू वाकवून, चटया आणि पाला टाकून, वर प्लॅस्टिकचा कागद, चार-पाच महिन्यांचं घर. पहाटे आई-बाप फडात आणि लेकरं खोपीत. त्या माणसांसमोर "पारंपरिक वास्तुकला किती सुंदर" असं म्हणायची माझी हिंमत नाही. तीच वस्तू माझ्यासाठी आठवण आहे आणि त्यांच्यासाठी दुसरा पर्याय नसणं आहे. खोपीबद्दल बोलताना या दोन्ही गोष्टी एकत्रच बोलल्या पाहिजेत.

मी काय केलं

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टी काढून गावी आलो आणि वडिलांना म्हणालो, खोप घालायची. वडील म्हणाले, "पत्रा मार आणि मोकळा हो." त्यांचं बरोबरच होतं. तरी दोन दिवसांनी ते स्वतःच एका हातानं तोडलेल्या फडातून ट्रॉलीभर पाला घेऊन आले. काही बोलले नाहीत.

आमच्या गल्लीतले एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना खुर्चीवर बसवून मळीत नेलं. कॉलेजातले तीन मित्र आले. दोघांचे हात पाल्याच्या कुसानं सोलून निघाले. मी फोनवर सगळं रेकॉर्ड करत होतो. आबांनी एकदा झापलंच: "ते फोनचं ठेव गा बाजूला. दोरी आवळ आधी. हाताला कळलं की डोस्क्यात ऱ्हातंय."

पाच दिवसांत खोप उभी राहिली. मेढी जुन्याच, पणज्याच्या हातच्या. एप्रिलच्या शेवटी पहिला वळीव आला आणि आढ्याखाली बरोब्बर मध्ये गळलं. व्हिडिओ आबांना दाखवला. त्यांनी लगेच सांगितलं, आढ्याच्या पेंड्या मी आखूड वाकवल्या होत्या, पाणी तिथंच थांबत होतं. परत वर चढलो आणि हातभर लांब पेंड्या बसवल्या. मग नाही गळलं.

आता खरं सांगतो. पुढच्या वर्षी पाला कोण घालणार, मला माहीत नाही. मित्रांपैकी एक जण परदेशी जातोय. आबा आहेत तोवर विचारता येईल. पण आज्ज्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. खोप कितव्या सालची? ज्या साली शेवटचा पाला पडला, त्या सालची. ती जुनी असते ती फक्त करणाऱ्यांच्या हातात, आणि ते हात एकमेकांच्या दारात जात होते तोवरच ती उभी होती.

तुमच्या गावाकडं या छपराला काय म्हणतात? खोप, कोपी, झाप, छप्पर? आढ्याला, वाशाला, बांधायच्या दोरीला काय शब्द आहेत? घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा, आणि जमलं तर एखादी पेंडी त्यांच्याकडून बांधून घ्या. फोन बाजूला ठेवून.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या. राम राम!